बंगईचं आवतण

पहाटे चारला वनमाला गावंडे डोळे उघडायची, तेव्हा पहिल्यांदा तिला छतातल्या चार लोखंडी कड्या दिसायच्या.

गुढियारीतलं त्यांचं घर बांधलं तेव्हा स्लॅब ओतायच्या आधीच अच्युतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, त्या कड्या सळईला पक्क्या बांधून घेतल्या होत्या. अच्युत रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. कडी किती जाडीची लागते हे त्याला कोणी सांगायला नको. कड्या होत्या बंगईसाठी, घरात टांगायच्या झोपाळ्यासाठी. वनमालाच्या मामाकडे गोंदियाला सागवानी बंगई होती. रुंद फळी, पितळी साखळ्या. ड्यूटीवरून येऊन तशा बंगईवर पाय वर घेऊन बसायचं, ही एकच हौस तिनं लग्नानंतर नवऱ्याला बोलून दाखवली होती.

मग वर्षं गेली. कधी मुलाची, श्रेयसची फी, कधी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, कधी गच्चीची गळती. पगार यायचा आणि वाटेला लागायचा. एका कडीला कांद्यांची टोपली आली, दुसरीला मच्छरदाणीची दोरी. उरलेल्या दोन रिकाम्याच. दर दिवाळीला अच्युत चारही कड्यांना रंगाचा हात मारायचा. म्हणायचा, "कामात नसल्या तरी तयार पायजेत."

वनमाला कॅन्सरच्या वॉर्डात स्टाफ नर्स होती. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होतो, तो वेळेवर सापडला तर पोट उघडून गर्भाशय काढून टाकतात. मोठं ऑपरेशन. अशा बायका तिच्या वॉर्डात यायच्या.

पूर्वी हे ऑपरेशन झालेली बाई खाटेला खिळायची. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. ऑपरेशननंतर आतडं हलल्याची खूण मिळेपर्यंत तोंडाला काही नाही. पडून पडून पाठ लागायची, पाय सुजायचे, छातीत कफ धरायचा. वनमालानं अशी कितीतरी वर्षं काढली. तेव्हा तीच रीत होती आणि ती रीत तिनं मन लावून पाळली.

मग डॉक्टर स्वरदा आल्या. वयानं वनमालाच्या निम्म्या. घरात मराठी, पण बोलायच्या हिंदीतच. त्यांनी सगळं उलटं सांगितलं. बाईला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही. ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत गोड पाणी द्यायचं. गुंगीच्या औषधाचा मारा न करता दुखणं आवरायचं. त्याच संध्याकाळी पाणी आणि बसणं, दुसऱ्या दिवशी मऊ अन्न आणि चालणं.

"मॅडम, पोट शिवलेल्या बाईले दुसऱ्या दिवशी चालवायचं?" वनमालानं विचारलं होतं.

"हाँ दीदी. और चलाएँगी आप."

वनमाला त्या दिवशी घरी येऊन बडबडली होती. पण काम करून पाहिल्याशिवाय त्याला नाव ठेवायचं नाही, ही तिची खोड. तिनं पहिली बाई चालवली, दुसरी चालवली. दोघीही आपल्या पायांनी रिक्षात बसून लवकर घरी गेल्या. मग मात्र तिनं नवी रीत पदराला गाठ मारून घेतली.

एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. नव्या रीतीत मेहनत वाढते. झोपलेल्या बाईला नुसतं राखायचं असतं. उठणाऱ्या बाईच्या मागे राबावं लागतं. उठवणं म्हणजे हात धरून ओढणं नव्हे. आधी गुडघे वाकवायचे. बाईला कुशीवर घ्यायचं. पाय खाटेखाली सोडायचे, त्याच दमात तिनं कोपरावर भार द्यायचा आणि नर्सचा हात तिच्या खांद्यामागे पाहिजे, काखेत नाही. मग बसू द्यायचं. घाई केली की डोळ्यांपुढे अंधारी येते. टाक्यांवर उशी दाबून खोकायला शिकवायचं. हे सगळं खाटेगणिक आणि दिवसातून कितीदा तरी. वनमालाची कंबर संध्याकाळी बोलायची. बंगई तिला तेव्हा आठवायची.

त्या श्रावणात गोदावरीबाई भरती झाल्या.

पुरानी बस्तीतल्या मराठी घरांमध्ये गोदावरीबाईंना सगळे ओळखायचे ते आवतणामुळे. लग्न असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, घरोघरी जाऊन आवतण द्यायचं काम त्यांच्याकडे. एका हातात कापडी पिशवी, पिशवीत कुंकवाचा करंडा. उंबऱ्यापाशी उभं राहायचं, घरातल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि दिवस-वेळ सांगायची. आता सगळ्यांकडे फोन आले. तरी बाया म्हणायच्या, फोन येऊन गेला, पण गोदावरी कुठं आली अजून? त्या आल्याशिवाय बोलावणं आलं असं कोणी धरायचं नाही. त्यांचे स्वतःचे दोन नियम होते. आवतण बसून द्यायचं नाही आणि खोटं आवतण न्यायचं नाही.

साठी ओलांडलेली बाई. बारीक अंगाची, तोंडानं खमकी. सोबत सून सोनिया. सोनियाला मराठी सगळं कळायचं, उत्तर ती हिंदीत द्यायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वनमाला त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसली. उद्या काय काय होईल, नळ्या कुठं कुठं असतील, कधी उठवू, सगळं सांगितलं. हे आधी सांगणं हासुद्धा नव्या रीतीचाच भाग. माहीत असलेल्या दुखण्याची भीती कमी वाटते.

गोदावरीबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पोळ्याच्या आधी घरी जाईन का मी?"

"काहून? पोळ्याले काय हाय?"

"माझा भाऊ येते न्यायले. तिजेसाठी."

तिजा म्हणजे पोळ्याच्या मागोमाग येणारा, छत्तीसगडच्या बायकांचा माहेरचा सण. भाऊ बहिणीला घेऊन जातो, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, मग कडक उपास, मग माहेरची साडी. इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनीही तो उचललेला.

"माहेर कुठं तुमचं?"

"कुशालपूरले."

वनमालाला हसू आलं. पुरानी बस्तीहून कुशालपूर म्हणजे चालत चालत पोचायचं. "मावशी, तिथं तर तुमी रोज भाजी आणाले जात असान."

"भाजीले जाणं येगळं आन भावानं नेणं येगळं," गोदावरीबाई तडकल्या. "लगन झालं तवापासून गुलाबराव रिक्षा घेऊन दारात उभा रायते. एक साल चुकला नाई. आता त्याचे गुडघे गेले, तरी येते. मी नाई गेली तर त्याच्या घरी कारलं शिजत नाई."

वनमालानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर स्वरदा म्हणाल्या, "वादा नहीं करूँगी. चलेंगी, खाएँगी, बुखार नहीं आया, तो हो सकता है."

वनमालानं तसंच सांगितलं. "जमते, मावशी. पण अर्धं काम डॉक्टरचं आन अर्धं तुमचं."

"माह्या कामाले मी कधी कमी नाई पडली," गोदावरीबाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी वनमाला भल्या पहाटे वॉर्डात पोचली. गोड पाण्याचा ग्लास कालवून गोदावरीबाईंच्या हातात दिला. "हे आता सावकाश पिऊन टाका. मंग काई नाई." आणि ती पलीकडच्या खाटेचं सलाईन बदलायला गेली.

परत आली तेव्हा ग्लासात तळाला चमचाभर पाणी होतं. तिला बरं वाटलं. पण वॉर्डात सगळ्या बायका ओठ पुसत होत्या.

"पेलं का सगळं?"

"आता पेते ना. आधी देवाले दाखवलं. मंग सगळ्यायले वाटलं."

"वाटलं?"

"अवो, डाक्टरनं एवढं गोड पाठवलं. देवाले दाखवल्यावर परसाद होते तो. परसाद काय एकटीनं खायचा असते?"

शेजारच्या खाटेवरच्या कलावतीबाई हात जोडून म्हणाल्या, "चांगला होता. लिंबाची चव होती."

वनमाला कपाळावर हात मारून पळाली आणि दुसरा ग्लास कालवून आणला. घड्याळाकडे पाहिलं, वेळेत बसत होतं. या खेपेला मात्र ती समोर उभी राहिली आणि शेवटच्या घोटापर्यंत हलली नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "ड्रिंक दिया था?" वनमाला म्हणाली, "दिया, सर. इनको भी दिया."

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी वनमालानं गोदावरीबाईंना घोट घोट पाणी पाजलं आणि खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलं. तोंडात च्युइंगम दिलं. चघळत राहिलं की आतडं जागं होतं.

सोनिया पाहतच राहिली. "मम्मीजी, आप च्युइंगम खा रही हैं!"

"गप. औषध हाय. घरी गेल्यावर कोणाले सांगू नको."

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. गाडी अडली दुसऱ्या दिवशी.

सकाळी वनमालानं त्यांना उभं केलं. एक पाऊल पडलं आणि गोदावरीबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. वनमालाचा हात खांद्यामागे होताच. तिनं अलगद परत बसवलं, पाय वर घेतले, रक्तदाब मोजला. काही बिघडलं नव्हतं. असं होतं. थोड्या वेळानं पुन्हा उभं राहायचं असतं.

पण थोड्या वेळानं वनमाला परत आली तेव्हा गोदावरीबाईंच्या कानात कापूस होता, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली होती आणि गळ्यापर्यंत चादर. बाळंतिणीसारखा थाट. खाटेच्या तोंडाशी सोनिया पहारेकऱ्यासारखी उभी.

"दीदी, आज रहने दीजिए ना."

"सोनिया, आज राह्यलं तर उद्या अजून जड जाते."

सोनियानं आवाज खाली आणला. "दीदी, आप नहीं समझेंगी. सुबह मोहल्ले की दो आंटी आई थीं. बोलीं, पेट का ऑपरेशन और बहू दूसरे ही दिन चला रही है? सब मुझे ही बोलेंगे."

वनमालाला समजलं, अगदी बरोबर समजलं. सासू खाटेवर पडून राहिली तर सून गुणाची आणि सासू चालायला लागली तर सून निर्दय. पोरगी खरोखर काळजी घेत होती आणि त्या काळजीनंच घात होत होता.

"मावशी," वनमालानं कापसाच्या पलीकडे पोचेल अशा आवाजात हाक मारली.

"टाके तुटतीन माहे," गोदावरीबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मी पाह्यलं ना. अंधार झाला पूर्ण. मी नाई उठत."

दुपारी डॉक्टर स्वरदा येऊन गेल्या. त्यांनीही समजावलं. गोदावरीबाईंनी मान हलवली, अंग हलवलं नाही. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आज नहीं उठीं तो पोला तक घर जाना मुश्किल है, दीदी."

त्यातच गुलाबराव आले. पांढरी टोपी, हातात काठी, गुडघे धरत धरत. बहिणीकडे पाहून त्यांचा चेहरा पडला. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "बाई, यंदा राहू दे तिजा. तू आराम कर. पुढच्या साली नेतो."

बोलणं मायेचंच होतं. पण गोदावरीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गुलाबराव गेल्यावर उशी ओली झालेली वनमालानं पाहिली. ऑपरेशनच्या भीतीनंही जी बाई रडली नव्हती, ती आता रडत होती.

वनमाला औषधांच्या कपाटाशी जाऊन उभी राहिली. समजावून झालं होतं. धाक घालायचा तिचा स्वभाव नव्हता आणि भ्यालेल्या अंगाला धाकानं उठवलं तर ते आणखी आखडतं. या बाईनं सगळी जिंदगी पायांवर काढली. मग हे पाय हलतात कशानं?

ती परत आली. स्टूलवर बसली आणि गोदावरीबाईंशी नाही, सोनियाशी बोलली.

"सोनिया, एक काम होतं मावशीकडं. पण त्या झोपून हायेत. दुसऱ्या कोणाले तरी सांगतो आता. आवतण द्यायचं होतं."

चादरीतून हात बाहेर आला. एका कानातला कापूस निघाला.

"कोनाचं आवतण?"

"माह्या घरचं."

दुसऱ्या कानातला कापूस निघाला.

"कशाचं?"

आता आली पंचाईत. वनमालानं इथपर्यंतच विचार केला होता. घरात ना लग्न ना बारसं. तिच्या डोळ्यांपुढे पहाटेच्या चार कड्या आल्या आणि तोंडातून निघून गेलं, "बंगईचं. बंगई टांगतो आमी. सागवानी. हळदीकुंकू हाय त्याचं."

"कधी?"

"तिजेनंतरचा पहिला रविवार."

"कोनाकोनाले द्यायचं?"

"या वॉर्डातल्या सगळ्या बायांले."

गोदावरीबाईंची नजर वॉर्डभर फिरली. मनातल्या मनात खाटा मोजत असाव्यात. सोनिया मध्येच म्हणाली, "मम्मीजी, मैं बोल देती हूँ न सबको. यहीं से आवाज़ लगा दूँगी."

"आवाज लावते म्हणे!" गोदावरीबाई उसळल्या. "आवतण हाय का भाजीचा ठेला? सर तिकडं. सिस्टर, धरा मले. आन ती ओढणी सोडा डोक्याची, आवतण घेऊन जाणारी बाई अशी दिसते का?"

वनमालानं घाई केली नाही. गुडघे, कूस, पाय खाली, कोपर. मग बसवून ठेवलं. गोदावरीबाईंची चुळबुळ सुरू झाली, तरी आणखी बसवून ठेवलं. "खाली नाई पाहायचं. कलावतीबाईकडं पाहा. तिथं जायचं हाय आपल्याले."

लघवीची नळी लावलेली होती, तिची पिशवी बरोबर न्यावी लागते आणि ती कमरेच्या खाली राहावी लागते. वनमालानं गोदावरीबाईंच्याच कापडी पिशवीत ती ठेवली आणि हातात दिली. रोजची सवय त्या हाताला. बोटांनी बंद आपोआप पकडले.

"कुंकू?" त्यांनी विचारलं.

वॉर्डात कुंकू कुठलं? सोनियानं निमूटपणे पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं.

पहिलं पाऊल पडलं. अंधारी आली नाही. दुसरं पडलं. कलावतीबाईंची खाट ती केवढ्या अंतरावर, पण घामानं पाठ भिजली. पोचल्यावर गोदावरीबाई खाटेच्या पायथ्याशी थांबल्या, जणू उंबरा आहे, आणि श्वास सावरून घसा खाकरला.

"गावंडे सिस्टरच्या घरी बंगई टांगतेत. तिजेनंतरच्या रविवारी दुपारी हळदीकुंकू हाय. यायचं बरं का."

कलावतीबाईंनी कपाळ मागे घेतलं. नवरा जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. "मले टिकली नको, बाई. मी अशी."

"इथं सगळ्या सारख्याच निळ्या गाऊनमधी हाय. पुढं कर कपाळ. मले परत खाटेवर जायचं हाय, पाय कापून राह्यले."

टिकली लागली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. गोदावरीबाईंनी हसताना पोट धरलं आणि ओरडल्या, "हसवू नको गं, टाके!"

त्या दिवशी एवढंच. वनमालाला तेवढंच हवं होतं.

पण काम एकदा अंगावर घेतलं की अर्ध्यावर सोडायचं नाही, ही गोदावरीबाईंची जात. संध्याकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "खिडकीकडच्या दोघी राह्यल्या." दुसऱ्या सकाळी अंघोळ-वेणी करून पुढची रांग. दुपारी भात-वरण खाऊन पलीकडची बाजू. वॉर्ड संपला तेव्हा वनमाला म्हणाली, "झालं ना, मावशी." त्या म्हणाल्या, "झाडू मारणारी बाई राह्यली. तिले काहून नाई?" मग पोळ्या लाटणाऱ्या बायका. मग एक्स-रेची मुलगी. मग बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाईक बाया. सोनिया आता पहारा सोडून टिकल्यांचं पाकीट धरून मागे चालत होती. मोहल्ल्यातल्या त्याच आंटी पुन्हा आल्या, तेव्हा सासू-सून जोडीनं व्हरांड्यातून येताना दिसल्या. आंटींनी तोंड उघडायच्या आत त्यांच्याही कपाळाला टिकली लागली.

पोट जागं झालं. ताप आला नाही. पायात सूज नाही. डॉक्टर स्वरदा राउंडला आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर लाल टिकली होती.

"दीदी, आपके यहाँ झूला लग रहा है? मुझे पेशंट से पता चल रहा है!"

वनमालानं नुसती मान हलवली आणि पुढच्या खाटेची फाइल त्यांच्या हातात दिली.

घरी जाऊन तिनं अच्युतला सगळं सांगितलं. अच्युत जेवत होता. घास हातात राहिला.

"किती जणी?"

"नाई माहीत. चाळीस असतीन."

त्यानं छताकडे पाहिलं. "आन बसतीन कशावर? कांद्याच्या टोपलीवर?"

"हसून राह्यले तुमी?"

"नाई तर काय करू? इतक्या वर्षांत मी बोललो तर बंगई आली नाई, तू बोलली तर आली नाई. एका पेशंटनं आणली."

"आणली कुठं अजून! मावशीले खरं सांगून टाकतो मी. त्या कधी खोटं आवतण नेत नाईत. माह्यामुळं त्यायचा नेम मोडला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. लघवीची नळी मात्र काही दिवस राहणार होती. या ऑपरेशनमध्ये मूत्राशय उशिरा ताळ्यावर येतं, त्याला वेळ द्यावा लागतो. वनमालानं सोनियाला सगळं शिकवलं. पिशवी कमरेखाली. नळीची सफाई. रक्त गोठू नये म्हणून रोजचं इंजेक्शन. जड उचलायचं नाही, पण रोज चालायचं. ताप, रक्त, पायात दुखणं, काहीही वाटलं तर लगेच यायचं. सोनियानं सगळं परत म्हणून दाखवलं, तेव्हाच वनमालानं तिला सोडलं.

"आन तिजेचा उपास?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"नाई."

"पाणी पिऊन?"

"नाई. प्रसाद वाटून टाकला होता ना? तसा यंदा उपास वाटून टाका. भावजयीले द्या."

गोदावरीबाई हसल्या. मग वनमालानं मान खाली घातली आणि सुरुवात केली, "मावशी, एक सांगायचं होतं. त्या बंगईचं..."

"घेतली नाई अजून. माईत हाय मले."

"कसं?"

"घेतली असती तर लाकडाचा भाव सांगितला असता तू. नवी वस्तू घेतली की बाई आधी भाव सांगते. तू आठ खेपा माह्यासंग चालली, एकदा नाई सांगितला."

"मंग तुमी खोटं आवतण काहून नेलं?"

"खोटं राहू नाई म्हणून तर इतक्या जणींले नेलं!" गोदावरीबाईंनी तिचा हात धरला. "पयल्या दोघी-तिघींले सांगितलं तेव्हा मलेबी खरंच वाटलं होतं. मंग समजलं. म्हटलं, थांब. आता अशी आवतणं देतो का हिले बंगई घ्यावीच लागीन. रोज आमाले उठवते, सोता बसत नाई कधी."

तेवढ्यात खाली गुलाबराव आले. सोनियानंच त्यांना फोन केला होता. त्यांचे गुडघे लक्षात घेऊन यंदा ई-रिक्षा होती. गोदावरीबाई लिफ्टमधून उतरल्या, फाटकापर्यंत आपल्या पायांनी गेल्या. हातात कापडी पिशवी. गुलाबराव काठी टेकत उतरले आणि दरवर्षीचंच वाक्य बोलले, "चाल, बाई. माय वाट पाहून राह्यली." आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी म्हणायचं ते तसंच. गोदावरीबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रिक्षा हळू चालवाले सांग. टाके हायेत."

तिजेच्या आदल्या रात्री कुशालपूरला कारलं शिजलं की नाही, वनमालाला माहीत नव्हतं. तिजेच्या दिवशी सोनियाचा फोन आला. "दीदी, कल रात करेले के साथ मम्मीजी ने दो बार भात लिया. मामीजी का उपवास चल रहा है, और मम्मीजी उनके सामने बैठके चाय पी रही हैं."

पुढच्या आठवड्यात गोदावरीबाई नळी काढायला आल्या. मूत्राशय आपलं काम करू लागलं होतं. काढलेल्या भागाची तपासणीही आली होती. कॅन्सर आसपास पसरलेला नव्हता, आणखी उपचार लागणार नव्हते, फक्त ठरल्या वेळी येऊन दाखवायचं होतं. डॉक्टर स्वरदांनी ते मराठीत सांगितलं. अडखळत सांगितलं, पण मराठीत सांगितलं.

रविवारी गुढियारीतल्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कलावतीबाई आल्या. झाडू मारणारी बाई पोरींना घेऊन आली. एक्स-रेची मुलगी आली, पोळ्या लाटणाऱ्या बायका आल्या, दोन आंटीही आल्या. गोदावरीबाई सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभ्या होत्या. कापडी पिशवीत आता करंडा होता आणि आवतण ज्यांना ज्यांना दिलं त्यातली कोण आली नाही हे त्या मोजत होत्या.

कांद्याची टोपली स्वयंपाकघरात गेली होती. चारही कड्यांत अच्युतनं सकाळीच साखळ्या अडकवल्या, दोनदा लोंबकळून पाहिलं, मग आणखी एकदा पाहिलं.

"पयली कोण बसते?" कोणीतरी विचारलं.

"मावशी बसतीन," वनमाला म्हणाली.

"मी नाई. मले बसून राहू नको, चाल म्हणून तूच शिकवलं." गोदावरीबाईंनी तिचा खांदा मागून धरला, अगदी जसा धरायला पाहिजे तसा, काखेत नाही. "आधी गुडघे वाकव. मंग कंबर. घाई नाई करायची."

सगळ्या बायका हसल्या. वनमाला बसली. पाय वर घेतले. अच्युतनं मागून हलकेच झोका दिला. कड्या कुरकुरल्या नाहीत.

गोलबाजारातून आणलेल्या पितळी साखळ्या, लाकडाच्या टालावरून स्वतः बोट फिरवून निवडलेली सागवानी फळी आणि त्या दुपारच्या शिऱ्याला लागलेला रवा, साखर, तूप, हे सगळं वनमालाच्या पगारातून आलं.